टोपलीतले मासे, पाण्यातले मासे

मुनिरकाच्या डीडीए फ्लॅट्समध्ये आमच्या समोर राहणाऱ्या मावशी मूळच्या मालवणच्या. दिल्लीच्या शाळेत वर्षानुवर्षं भूगोल शिकवून आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांनी अंदमानातल्या स्वराज द्वीपावरच्या एका रिसॉर्टचं चार रात्रींचं पॅकेज पसंत केलंय आणि त्यात स्कूबा डायव्हिंग आहे. त्यांच्या बहिणीचा मुलगा जेएनयूत पर्यावरणशास्त्रात संशोधन करतो. मालवणजवळच्या देवबागचा मुलगा. रविवारी आयएनए मार्केटातून सुरमई किंवा बांगडे घेऊन मावशीकडे जेवायला येतो. समुद्राचं वेड दोघांनाही आहे, तरी या सहलीवरून दोघांचं चांगलंच जुंपलं. ते बोलणं मला इथे मांडायचंय. ज्यांना पोहताही येत नाही अशा माणसांनाही आज कुणी ना कुणी पाण्याखाली न्यायला तयार आहे, आणि आपण जायचं ठरवताना खिसा आणि भीती या दोनच गोष्टींचा विचार करतो.

भाचा : मावशी, पैसे भरलेस का?

मावशी : अजून नाही. तुझं ऐकून घेते आणि मग भरते.

भाचा : म्हणजे ठरलंच आहे तुझं. बरं, मग ऐक. प्रवाळ बघायला विमानानं जायचं आणि त्याच विमानांच्या, गाड्यांच्या, कारखान्यांच्या धुरानं समुद्र तापवून प्रवाळ मारायचं. 2010 मध्ये अंदमानची प्रवाळं पांढरी पडली होती, हे त्या रिसॉर्टवाल्यांनी तुला सांगितलंय?

मावशी : माझ्या एका तिकिटानं समुद्र तापतो?

भाचा : तुझ्या एकीच्या नाही. पण प्रत्येक जण हेच म्हणतो.

मावशी : मग मी गेले नाही तर विमान रिकाम्या खुर्चीनिशी जाईल. समुद्र थंड कसा होईल, ते सांग.

याचं उत्तर त्याच्याकडे चटकन नव्हतं. माझ्या मते कुणाकडेच नसतं. पण तो जे सांगत होता ते खोटं नव्हतं. प्रवाळ हा प्राणी. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हातून अन्न बनवतं, यजमानाला देतं आणि रंगही देतं. उन्हाळ्यात पाणी नेहमी जेवढं तापतं त्याहून अंशभरानं जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर टाकतं. मागे उरतो पांढरा सांगाडा आणि उपाशी प्राणी. पाणी लवकर निवलं तर तो सावरतो, नाहीतर मरतो. असं 1998, 2010, 2016 मध्ये झालं आणि पुन्हा 2024 मध्ये. मधली वर्षं कमी पडताहेत. लक्षद्वीपच्या अगत्ती, कदमत आणि कवरत्ती बेटांवर संशोधकांनी 1998 पासून चोवीस वर्षं नोंदी ठेवल्या. तेवढ्या काळात जिवंत प्रवाळाचं आच्छादन जवळजवळ निम्म्यावर आलं.

मावशी : हेच तर म्हणतेय मी. निम्मं गेलंय. उरलेलं मी कधी बघायचं? फळ्यावर जन्मभर प्रवाळाच्या तीन आकृत्या काढल्या. किनाऱ्याला चिकटलेली भिंत, किनाऱ्यापासून लांब उभी राहिलेली भिंत, आणि मधलं बेट खचून गेल्यावर उरलेलं कंकण. डार्विननं 1842 मध्ये लिहून ठेवलंय ते. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची. एका मुलीनं विचारलं होतं, "मॅडम, आपने देखा है?" मालवणची बाई मी, आणि मला नाही म्हणावं लागलं.

भाचा : डार्विनला तरी कुठे पाण्याखाली जाता आलं होतं? विचार करून, मोजमापं बघून त्यानं ते ओळखलं.

मावशी : त्याच्या वेळी सोय नव्हती. 1943 मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी आणि तोंडात झडप घेऊन उतरण्याची युक्ती काढली. त्याच्या आधी जन्मले असते तर तक्रार नव्हती. पण आज सोय असताना मी न बघता मरायचं, ते का?

इथे मावशी जे बोलल्या ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून पूर्ण देते.

मावशी : आमच्या घरच्या बायकांचा समुद्र टोपलीपासून सुरू होई. पहाटे रापण ओढून झाली, की किनाऱ्यावर लिलाव. आई टोपली उचलून बाजारात जाई. बांगडा, पेडवे, सौंदाळे, मोरी, सगळं माझ्या तोंडपाठ. ताजा कोणता आणि शिळा कोणता, ते डोळ्यांवरून आणि कल्ल्यांवरून सांगते. पण मला जे मासे माहीत आहेत ते मेलेले आहेत. जिवंत बांगड्यांचा थवा कसा वळतो, ते मला माहीत नाही. होडीत बाईनं पाय ठेवायचा नाही. पोहायला शिकवायचं ते मुलग्यांना. आम्ही किनाऱ्यावर उभ्या. कमरेएवढ्या पाण्यापलीकडे काय आहे, ते आम्हाला पुरुषांनी सांगितलं. ज्या समुद्रावर घर चाललं, तो आमच्या घरातल्या एकाही बाईनं आतून बघितलेला नाही. हे तुला चुकीचं वाटत नाही?

भाचा : वाटतं. पण त्यावर उपाय म्हणजे रिसॉर्टचं पॅकेज?

मावशी : मग काय? कोरियात जेजू बेटावरच्या बायका टाकीशिवाय बुडी मारतात. साठी-सत्तरी उलटलेल्या बायका! युनेस्कोनं 2016 मध्ये त्यांची परंपरा मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली. लांब कशाला, आपल्या रामेश्वरम-पांबनच्या बायका समुद्रशैवाल काढायला साधा गॉगल लावून बुड्या मारतात.

भाचा : त्या बायकांचं नाव घेतलंस ते बरं झालं. जेजूच्या बायका टाकी का वापरत नाहीत, ठाऊक आहे? त्यांनी आपसात ठरवलंय म्हणून. टाकी घेतली तर एकेक बाई दहापट कालवं आणि शंख काढील आणि चार वर्षांत तळ रिकामा होईल. श्वास पुरेल तेवढंच घ्यायचं. कधी उतरायचं, केवढं लहान सोडून द्यायचं, हे गावच्या बायका मिळून ठरवतात. पांबनच्या बायकाही महिन्यातले ठरावीकच दिवस पाण्यात उतरतात, बाकीचे दिवस शैवालाला वाढू देतात. तुझ्या पॅकेजात अशी एक तरी अट आहे का? तिथे अट एकच, पैसे भरा.

मावशी थोडा वेळ बोलल्या नाहीत. उदाहरण त्यांनी दिलं होतं, आणि ते त्याच्या बाजूनंही तेवढंच खरं होतं.

भाचा : मी हे पुस्तकात वाचून बोलत नाही, मावशी. चार सुट्ट्या दादाच्या बोटीवर गाइड म्हणून काढल्यात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाणी फार खोल नाही. पाहुणा येतो, दहा मिनिटं किनाऱ्यालगत श्वास घ्यायला शिकतो. मग आम्ही त्याला टाकीला धरून मागून ढकलत नेतो. त्याला काही करायचं नसतं, हात हलवायचे आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. घाबरला की हाताला येईल ते धरतो, आणि हाताला प्रवाळच येतं. पाय मारतो तेव्हा फिन्सनं वाळू उडते. ती प्रवाळावर बसली की त्याचं ऊन अडतं. आणि व्हिडिओत मासे दिसायला हवेत, म्हणून पाव टाकायचा.

मावशी : तू टाकलायस पाव?

भाचा : सगळेच टाकतात. पाव खाणारे धीट मासे त्या जागी गोळा होतात, बाकीचे बाजूला जातात. पाहुणा म्हणतो, केवढे मासे! आणि वीस मिनिटांत वर.

मावशी : आणि त्याच पैशांवर तुझं बारावीनंतरचं शिक्षण झालं.

हे त्या रागानं बोलल्या नाहीत. भाच्यानंही ते टाळलं नाही. त्यानं सांगितलेली हकिकत मालवण-देवबागच्या कितीतरी घरांची आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून हातानं ओढायचं जाळं; त्याला माणसं लागतात, मेहनत लागते. यांत्रिक पर्ससीन जाळी आणि रात्री एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या नौका आल्यावर किनाऱ्यापाशी मासळी येईनाशी झाली. 2016 मध्ये राज्य सरकारनं पर्ससीनवर निर्बंध घातले, पण तोवर अनेकांनी होड्या पर्यटनाला लावल्या होत्या. डॉल्फिन दाखव, त्सुनामी आयलंडला ने, स्कूबाला ने. भाच्याच्या दादानंही कर्ज काढून तेच केलं. दिल्लीत बसून आपण या पर्यटनाला सहज नावं ठेवतो. समुद्रावर पोट असलेल्या घरानं पर्यटन नाकारायचं तर मग खायचं काय, याचं उत्तर मात्र नावं ठेवणाऱ्यानं दिलं पाहिजे.

मावशी : म्हणजे दादाला पाहुणे हवेत, आणि तू पाहुण्यांना सांगतोस येऊ नका.

भाचा : पाहुणे हवेतच. दिवसाला दोनशे नकोत, वीस हवेत. पण जे येतील ते शिकून यावेत आणि दामही तेवढे मोजावेत. आज शेजारचा शंभर रुपये कमी करतो म्हणून दादाला दोनशे करावे लागतात. मग माणसं जास्त घ्यायची, वेळ कमी द्यायचा. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. त्या दिवसापासून आई दादाची बोट परत येईपर्यंत जेवत नाही.

मावशी : थायलंडसारखं बंद करून टाकायचं का मग?

भाचा : माया बे? 2018 मध्ये बंद केलं आणि 2022 मध्ये मोजक्या माणसांसाठी उघडलं. मधल्या काळात काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क परत किनाऱ्यापाशी फिरू लागले. बंद ठेवलं की समुद्र सावरतो, एवढं तर दिसलं.

मावशी : तिथे सरकारला थांबणं परवडलं. आपल्याकडे 1987 मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हाचं वातावरण मला आठवतं. एकोणतीस चौरस किलोमीटर पाणी, त्यात किल्ला आणि पद्मगड. कुणी येऊन विचारलं नाही, समजावलं नाही. मच्छीमारांना वाटलं, आता जाळं टाकू देणार नाहीत. अभयारण्य हा शब्दच गावात शिवीसारखा झाला. ज्यांनी पाण्याखालचं बघितलेलंच नाही, त्यांना ते राखायला सांगितलं तर कसं पटेल?

भाचा : आणि बघितलं की पटतं? मी शेकड्यांनी माणसं खाली नेली. वर आल्यावर त्यातल्या कितींनी प्रवाळाबद्दल एक प्रश्न विचारला? व्हिडिओ कधी मिळेल, हेच विचारतात.

मावशी : कारण तुम्ही त्यांना ढकलत नेता. त्यांच्या हातात काही ठेवतच नाही. शाळेतही असंच असतं. पाठ करून घेतलं की पोरगं परीक्षेनंतर विसरतं. स्वतःच्या हातानं नकाशा काढला की विसरत नाही.

माझ्या मते वादाला इथे खरी कलाटणी मिळाली. तोवर प्रश्न जावं की नाही, हा होता. इथून तो कसं जावं, यावर आला. स्कूबाचं खरं कौशल्य श्वास घेण्यात नाही, अधांतरी राहण्यात आहे. कमरेला शिशाची वजनं, अंगात हवा भरता-सोडता येणारं जाकीट आणि स्वतःची फुप्फुसं या तिन्हींचा मेळ बसला, की माणूस तळाला न टेकता आणि वर न उचलला जाता एका जागी राहू शकतो. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली. हे जमलं की हात कशाला धरावे लागत नाहीत, पाय कशावर आपटत नाहीत. आणि हे वीस मिनिटांत जमत नाही. रीतसर शिकायचं तर आधी तरणतलावात सराव, मग समुद्रात चार बुड्या, आणि तेव्हा कुठे अठरा मीटरपर्यंत उतरण्याचं प्रमाणपत्र.

भाचा : तुला पोहता येत नाही. त्या अभ्यासक्रमात दोनशे मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. रिसॉर्टवाले तुला ते विचारणारच नाहीत, कारण ते तुला ढकलत नेणार.

मावशी : मग पोहायला शिकते. डीडीएच्या क्रीडासंकुलातले तलाव एप्रिलमध्ये उघडतात.

भाचा : रक्तदाबाची गोळी घेतेस. त्या आरोग्याच्या फॉर्मवर वय पंचेचाळीसच्या वर आणि रक्तदाब, दोन्ही विचारतात. डॉक्टरची सही लागेल.

मावशी : घेऊ की सही.

भाचा : दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. घाबरून श्वास कोंडून वर आलीस तर आतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. सर्दी असली तर कान फुटतो. शेवटच्या बुडीनंतर अठरा तास विमानात बसायचं नाही, नाहीतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे करतो. हे सगळं डोक्यात पक्कं बसायला हवं.

मावशी : भूगोलाची बाई आहे मी, वायुदाब मला शिकवू नकोस. दुसरं काही सांग. खाली दिसतं कसं?

या प्रश्नावर तो पहिल्यांदाच खुलून बोलला. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच पाण्यात विरतो, बोटाला कापलं तर रक्त हिरवट दिसतं, आणि मग टॉर्च लावला की करड्या वाटणाऱ्या खडकावर एकदम केशरी, तांबडं उमटतं. मालवणचं पाणी अंदमानासारखं निवळ नसतं. खाड्यांचा गाळ येतो, पाच-सहा मीटरच्या पुढचं दिसेलच असं नाही. पण एकदा पेडव्यांचा थवा त्याला मधे घेऊन दोन्ही बाजूंनी निघून गेला, आणि एकाही माशाचा स्पर्श झाला नाही. मावशींनी तीनदा मधे थांबवून विचारलं. थवा केवढा होता? कुठल्या महिन्यात? पाणी गार होतं का?

भाचा : आलीस तर मालवणलाच ये ना. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, रीतसर शिकवतात. पैसे गावात राहतील. आणि विमान नको. निजामुद्दीनहून मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस कोकण रेल्वेनंच जाते.

मावशी : नौदलाची ती बोट बुडवणार आहेत, ती बघायला मिळेल का?

भाचा : गुलदार? 2024 च्या जानेवारीत ती सेवेतून निवृत्त झाली. निवतीच्या खडकांजवळ बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय करायचं, कृत्रिम प्रवाळभित्ती उभी करायची, असा प्रकल्प आहे. लोखंडावर प्रवाळ धरतं, मासे येतात, हे खरं. नवशिक्यांची गर्दी त्या जहाजावर गेली आणि किल्ल्याजवळच्या प्रवाळाला उसंत मिळाली, तर मला ते हवंच आहे. पण दोन्हीकडे गर्दी झाली तर काय मिळवलं?

मावशी : तू प्रत्येक गोष्टीत वाईट शोधतोस.

भाचा : मला ते शोधावं लागत नाही, मावशी. दिसतं.

तो चुकीचं बोलत होता, असं मला वाटत नाही. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे कायद्यानं त्याला वाघाच्या पंगतीला बसवलंय. वाघाला हात लावून फोटो काढू, असं कुणी म्हणत नाही. पाण्याखाली मात्र रोज तेच होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण ते होताना इतर कुणी बघत नाही. बघणारे डोळे वाढावेत, हे मावशींचं म्हणणं मला म्हणूनच पटतं. आणि त्या डोळ्यांआधी हातापायांना शिस्त हवी, हे भाच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच पटतं. मला एकाचीच बाजू घ्यायची असती तर मी मावशींची घेतली असती. समुद्रावर जगणाऱ्या घरातल्या बाईनं तो आतून बघणं ही चैन नाही, राहून गेलेली गोष्ट आहे.

मावशी : ऐक. अंदमान या हिवाळ्यात नाही. एप्रिलपासून पोहणं. पावसाळ्यात तुमच्या बोटी बंद असतात, तोवर मला हात मारता येतील. नोव्हेंबरात मालवण. पण अंदमान मी सोडलेलं नाही. निवळ पाण्यातलं कंकण किंवा भिंत मला एकदा बघायचीच आहे. त्याच्यावर तू रुसलास तरी चालेल.

भाचा : रुसणार. विमानाचं मी मान्य करणार नाही.

मावशी : नको करूस. आणखी एक. नोव्हेंबरात तुझी आईही माझ्याबरोबर उतरेल.

भाचा : आई? आई काय उतरते!

मावशी : तू पुण्याच्या, कोल्हापूरच्या, बेळगावच्या किती बायकांना खाली नेलंस?

भाचा : मोजल्या नाहीत.

मावशी : आणि आईला कधी विचारलंस?

भाचा : तिला पोहता येत नाही गं. पहाटे लिलाव, मग बाजार, मग घर. तिला वेळ कुठाय शिकायला?

मावशी : मे महिन्यात तिला इकडे पाठव. बाजार दोन महिने सुनेनं बघावा. त्या तलावात दोघींचं नाव घालते. तू फक्त फोन कर आणि तिला सांग, की डॉक्टरकडून कान तपासून घे.

भाच्यानं फोन काढला, मग परत खिशात ठेवला. आई आत्ता बाजारात असेल, आठनंतर करतो म्हणाला. मावशींनी बजावलं, आठला माझ्यासमोर करायचा, आणि त्या भात लावायला आत गेल्या.